पापडाचा डबा माळ्यावरून खाली काढा

पत्र

ताई,

मी ३८ वर्षांची. भांडुपला राहते, फोर्टला नोकरी करते. घरी यजमान, सासूबाई, नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. तीन महिन्यांपूर्वी यजमानांच्या रक्तातल्या साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, आत्ताच सांभाळा. त्या रात्रीपासून मी मोबाईलवर मिळतील ते व्हिडिओ बघितले आणि घरातलं प्रक्रिया केलेलं सगळं अन्न बंद करायचं ठरवलं. बिस्किटं, ब्रेड, सॉस, नूडल्स काढलेच. हिंगाच्या डबीवर मैदा आणि डिंक लिहिलेला दिसला म्हणून हिंगही टाकला. सासूबाईंच्या पापडांत पापडखार असतो, म्हणून तो डबा माळ्यावर ठेवला. तयार इडलीचं पीठ बंद. साध्या मिठाऐवजी सैंधव, साखरेऐवजी सेंद्रिय गूळ, आणि घाण्याचं तेल. पहाटे साडेचारला उठते, तरी ७.५२ची गाडी धावतपळत पकडते. सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मुलगी मैत्रिणीकडे जाऊन नूडल्स खाते, हे मला त्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. यजमान माझा डबा खातात आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खाऊन घरी येतात. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत आकडे असलेलं सगळं विषच असतं ना? मग माझं चुकतंय कुठे?

– दमलेली आई, भांडुप

उत्तर

आधी स्टूल घ्या आणि माळ्यावरचा पापडाचा डबा खाली काढा. तो सासूबाईंच्या हातात द्या आणि “माझं चुकलं, आई” एवढंच म्हणा. कारणं सांगत बसू नका. उन्हाळ्यात पीठ कुटायचं, तेलाचा हात लावून लाट्या करायच्या, गॅलरीतलं ऊन सरकेल तशी पापडांची चादर सरकवायची, असं करत त्यांनी वर्षाची बेगमी केली. ती तुम्ही एका व्हिडिओवरून माळ्यावर टाकलीत. त्या कामापुरतंच बोलतात याचं मला नवल वाटत नाही.

पापडखार हा सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या जातीचा क्षार आहे. पाकिटावर तो ५०० या आकड्याखाली येतो, आणि ढोकळ्यात घालता तो खायचा सोडाही त्याच आकड्यात बसतो. पापडाच्या बाबतीत सांभाळायचं ते मीठ आणि तेल. म्हणून जेवताना एकच, आणि तोही तळलेला नाही, भाजलेला. यजमानांना रक्तदाबही असेल तर आठवड्यातून दोनदा पुरे.

हिंगाचंही तसंच. खरा हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराणकडच्या एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र असतो की थोडा जरी जास्त पडला तरी आख्खं पातेलं वाया जाईल. म्हणून तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात आणि आपण चिमटीनं वापरतो. त्या चिमटीतला मैदा किती असणार? घरात कुणाला गव्हाची ॲलर्जी असती तर मी तुम्हाला डबी नीट वाचा म्हटलं असतं. तशी नसेल तर नवी डबी आणा. हिंगाशिवाय आमटी खायला लावून घरातल्या कुणाची साखर उतरत नाही.

आता त्या आकड्यांबद्दल, कारण तुमची सगळी भीती तिथे आहे. हे आकडे म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांचं आंतरराष्ट्रीय हजेरीपुस्तक आहे. त्यात १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल, आणि ४४० म्हणजे पेरूची जेली घट्ट करणारं पेक्टिन. त्याच पुस्तकात १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळे-केशरी रंग आहेत, ६२१ म्हणजे अजिनोमोटो आहे, ३१९ हे तेल खवट होऊ नये म्हणून घालायचं रसायन आहे. म्हणजे आकडा दिसला म्हणून विष ठरत नाही आणि आकडा नाही म्हणून अमृतही ठरत नाही. मात्र एकाच पाकिटावर रंग, वास, चव वाढवणारं आणि घट्ट करणारं असं सगळं ओळीनं दिसलं, तर ती वस्तू तुमच्या-माझ्या ओट्यावर होणारी नाही, एवढं नक्की कळतं. तुम्हाला धरायची आहे ती ही खूण.

ही खूण माझी नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ पासून अन्नाची प्रक्रियेच्या प्रमाणावरून वाटणी मांडली. तिला नोव्हा म्हणतात. आपल्या घरच्या शब्दांत सांगायचं तर तांदूळ, डाळ, भाजी, दूध, अंडी, ताजे मासे हा पहिला गट. दुसरा गट तेल, तूप, मीठ, साखर. तिसऱ्यात लोणचं, पनीर, खारवलेला बांगडा, बेकरीतला साधा पाव. या तिन्ही गटांतल्या वस्तू माणूस शेकडो वर्षं खात आलाय, आणि वेसाव्याला बांबूंवर वाळणारे बोंबील ही काय प्रक्रिया नाही? भांडण आहे ते चौथ्या गटाशी. पीठ, साखर, स्टार्च, स्वस्त तेल यांचे कारखान्यात वेगळे काढलेले घटक पुन्हा एकत्र करून, रंग-वास लावून, चावायला सोपं आणि थांबायला अवघड असं जे बनवतात, ते अतिप्रक्रिया केलेलं अन्न. तुम्ही पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटाला एकाच काठीनं हाकललंत. म्हणून एवढा त्रास झाला.

चौथा गट का नको, हेही नीट समजून घ्या, म्हणजे मुलांना सांगताना ‘विष’ हा शब्द वापरावा लागणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांनी एक प्रयोग केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० माणसांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं प्रमाण सारखं राखलं होतं, आणि प्रत्येकाला हवं तेवढं खायची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेलं जेवण असताना तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्या दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं आणि साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत तेवढंच उतरलं. ५०० कॅलरी म्हणजे साधारण दीड-दोन वडापाव, तेही जास्तीचे आणि रोज. माणसं थोडी होती, दिवसही थोडे होते. तरी एक गोष्ट त्यात टिपली गेली, ती मला फार महत्त्वाची वाटते: त्या जेवणात ती माणसं भराभर खात होती. ज्वारीची भाकरी चावावी लागते. तुकडा मोडायचा, आमटीत बुडवायचा, चावायचा, यात पोटाला निरोप पोचायला वेळ मिळतो. चहात बुडवलेलं बिस्किट जिभेवर विरघळतं आणि हात पुन्हा पुड्याकडे जातो. तुमच्या यजमानांच्या साखरेचा प्रश्न इथे आहे, हिंगाच्या डबीत नाही.

म्हणून आता बंदीची यादी फाडून टाका आणि एक वही घ्या. सात दिवस घरातल्या प्रत्येकानं काय खाल्लं ते लिहायचं. कुणाला रागवायचं नाही, फक्त लिहायचं. सासूबाईंना विचारून लिहा, मुलीला तिची तिला लिहू द्या. आठवड्यानं बघाल तेव्हा वर्षातून चार वेळा येणाऱ्या गोष्टी त्यात जवळजवळ नसतीलच. जे रोज येतं ते दिसेल. सल्ला विचारायला आलेल्या माणसांच्या अशा वह्या मी गेली वीसेक वर्षं बघतेय, आणि मुंबईतल्या नोकरदार घरात बहुतेक वेळा तेच चार-पाच आरोपी निघतात. सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं किंवा खारी. मुलाच्या दुधातली चॉकलेटी पावडर. डब्यातला ब्रेड-जाम. प्रत्येक पोळीला सॉस. आणि रविवारी सुरू होऊन हळूहळू बुधवारपर्यंत येऊन पोचलेलं थंड पेय. तुमच्या घरातून बिस्किटं, ब्रेड, सॉस आधीच गेलेत, तर ती वही तुम्हाला सांगेल की त्यांच्या जागी घराबाहेर काय शिरलंय. एका वेळी एकच रोजची सवय बदला. ती बसली की पुढची.

आणि दुकानात पाकीट हातात घेतलं की आधी ते उलटं करा. मागच्या आठवड्यात दादरला एका दुकानात मी बिस्किटांचा एक पुडा हातात घेतला. पुढे गव्हाची लोंबी, ओट्सचे दाणे आणि हिरवं पान. उलटा केला तर घटकांच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल, आणि ज्या ओट्सच्या नावानं तो पुडा विकला जात होता ते बरंच खाली, तेही जेमतेम. आपल्या देशात नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे. सगळ्यात जास्त असेल ते पहिलं. त्यामुळे पहिली तीन नावं वाचलीत तरी त्या पुड्याचा स्वभाव कळतो. साखर पहिल्या तिनात नसली तरी पुढे लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं दिसतात का बघा. ती साखरेच्याच घरातली किंवा पोटात गेल्यावर चटकन साखर होणारी. ब्रेड तपकिरी असेल तर यादीत कॅरमेल म्हणजे १५० हा आकडा शोधा. तो सापडला आणि पहिला घटक मैदाच असला, तर तो रंग गव्हाच्या कोंड्याचा नाही.

मिठासाठी एक गणित तोंडपाठ करा. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा नूडल्सवर १०० ग्रॅममागे १,२०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर तीन ग्रॅम मीठ झालं. ७० ग्रॅमच्या पुड्यात दोन ग्रॅमच्या वर. दिवसभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं ५ ग्रॅम सांगितलीय, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपली राष्ट्रीय पोषण संस्था तेवढंच सांगते. हे गणित मुलीला शिकवा, तुम्ही करून दाखवू नका. नववीतल्या मुलीला उपदेश नको असतो, पण पाकिटाची चलाखी पकडायला फार आवडतं.

पुढच्या बाजूच्या दाव्यांबद्दल मला फारच कळकळीनं सांगायचंय, कारण ते आईच्या काळजीवरच विकले जातात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधात घालायच्या या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नका, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं दाट अर्कात पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. मुलाच्या दुधात वेलची किंवा हळद घाला, चमचाभर गूळ चालेल. फळ चावून खाऊ द्या.

पण पाकीट नाही म्हणजे शुद्ध, असंही धरू नका. सुटं फरसाण, पिवळीजर्द जिलबी, बेकरीतली खारी यांच्यावर काहीच छापलेलं नसतं, म्हणून ते व्हिडिओत येत नाहीत. तेल किती वेळा तापवलंय हे तुम्हाला दिसत नाही. प्राधिकरणानं तळणीचं तेल कधी टाकून द्यायचं याची मर्यादा ठरवलीय, २०२२ पासून तेला-वनस्पतीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत आणायला लावलंय, पण कढई तुम्हाला तुमच्याच डोळ्यांनी बघावी लागते. तेल काळं आणि फेसाळ असेल तर पुढच्या गाडीवर जा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तळण तर घेऊच नका. गरम वड्याला लागलेली ती शाई पोटात जाते.

आता तुम्ही नव्यानं आणलेल्या वस्तूंकडे येते. सैंधव मीठ स्वयंपाकात एकटंच वापरत असाल आणि त्याच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नसेल, तर आजच साधं आयोडीनयुक्त मीठ परत आणा. आयोडीन हा मिठात बाहेरून घातलेला पदार्थच आहे, आणि तो मुद्दाम घातलाय. गलगंड आणि मुलांच्या वाढीवर, बुद्धीवर होणारे परिणाम रोखण्यासाठी आपल्याकडे १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तिसरीतल्या आणि नववीतल्या मुलांच्या घरात हे मीठ बंद करणं मला अजिबात पटत नाही. उपासाच्या दिवशी सैंधव वापरा.

गूळ चवीला छान, पण यजमानांच्या रक्तात तो साखरेसारखाच जातो. “सेंद्रिय आहे” म्हणून त्यांच्या चहात दोन खडे पडत असतील तर थांबवा. घाण्याचं तेल वापरायचं तर वापरा, फक्त त्याच्याही चमच्यात कॅलरी तेवढ्याच असतात. महिन्याला घरात तेल किती येतं ते मोजा आणि अर्धा-एक लिटर कमी करता येतंय का बघा. या तिन्ही वस्तूंवर जो जास्तीचा खर्च होतोय, तो डाळी, अंडी, फळं आणि मूठभर शेंगदाण्यांवर करा.

इडलीचं तयार पीठ मात्र परत आणा. तांदूळ, उडीद, पाणी, मीठ आणि आंबवणं, यापलीकडे त्यात काही नसेल तर ते तुमच्या आजीच्या पाट्यावरच्या पिठाचंच भावंड आहे. फ्रोझन मटार, पिशवीतलं दूध, साधं दही, लाह्या, कुरमुरे, फुटाणे या पाकिटांना घाबरायचं कारण नाही. घराजवळ पोळी-भाजी केंद्र असेल तर आठवड्यातून दोन दिवस पोळ्या तिथून आणा. ज्या बाईनं त्या लाटल्या तिचीही पोळी गव्हाचीच असते.

हे मी तुमच्या साडेचारच्या गजरासाठी सांगतेय. पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. पाकिटं तुमच्या घरात आळसानं आली नव्हती, वेळ नव्हता म्हणून आली होती. ती काढून टाकली आणि त्यांनी वाचवलेला सगळा वेळ एकट्या तुमच्या झोपेतून कापला. असं फार दिवस चालत नाही. दोन महिन्यांनी तुम्ही आजारी पडाल आणि पाकिटं परत येतील.

मी बरीच वर्षं ठाण्याहून लेडीज डब्यातून ये-जा केली. तिथलं एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. घाटकोपर गेलं की एक बाई मांडीवर पिशवी पसरून गवार निवडायला घ्यायची. शेंडा मोडायचा, शीर ओढायची, दोन तुकडे. विक्रोळीपर्यंत शेजारची न विचारता मूठभर उचलायची, समोरची दुसरी मूठ. मुलुंड येईपर्यंत अर्धा किलो गवार निवडून पिशवीत बांधलेली असायची आणि कुणी आभार मानत नसे. दुसऱ्या दिवशी दुसरीची मेथी असायची. तुमच्या घरात पाच माणसं आहेत. मग गवार एकटीनं का निवडायची?

रात्री जेवण झालं की टीव्हीसमोर ताट ठेवा आणि त्यात उद्याची भाजी. यजमानांना मटार सोलायला द्या, मुलीला मेथी, मुलाला लसूण. साखर त्यांची आहे, तेव्हा मटारही त्यांचे. कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवा. कुकरला डाळ लावायला नववीतली मुलगी नक्की शिकू शकते, आणि मुलगा मोठा झाला की त्यालाही शिकवा.

आणि सासूबाईंना कामाला लावू नका, त्यांना विचारा. या वयात त्यांना कुणी काही विचारत नाही. भाजणी विचारा. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, प्रत्येक वेगळं भाजायचं, कारण तांदूळ आणि डाळ एका वेळी भाजून होत नाहीत. धणे तडतडले की लगेच उतरवायचे, नाहीतर कडवटपणा येतो. गिरणीत दळून आणलं की डबाभर भाजणी आठवडाभर पुरते आणि थालीपीठ दहा मिनिटांत होतं. कांदा, कोथिंबीर, वर लोणी नाहीतर दही. मेतकूट असेल तर गरम भातावर घालून मुलगा शाळेतून आल्या आल्या जेवेल. डोंगराएवढ्या जाहिरातींना उत्तर देण्याचं बळ या दोन डब्यांत आहे, असं मला खरंच वाटतं.

यजमानांचा वडापाव. तो चौथ्या गटात बसवायची गरज नाही. बटाटा उकडलेला, बेसन, लसूण, समोर तळलेला. पण मैदा आणि तळण रोज संध्याकाळी ६.१ वाल्या माणसाला परवडत नाही. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाआधीचा टप्पा आहे, ६.५ ला मधुमेह म्हणतात. अंतर थोडंच उरलंय. ते वडापाव खातात कारण दुपारी एकचा डबा आणि रात्री नऊचं जेवण यांत आठ तास आहेत, आणि स्टेशनवर वास सुटलेला असतो. म्हणून त्यांच्या बॅगेत छोटी डबी द्या: भाजलेले चणे-शेंगदाणे, किंवा उकडलेलं अंडं, किंवा मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर. ती स्टेशनवर पोचायच्या आधी, ऑफिसमधून निघताना खायची. आणि शुक्रवारी एक वडापाव, ठरवून, आवडीनं, शक्यतो तुमच्याबरोबर. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं दोघांनी चालायचं. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते कुठल्याही व्हिडिओवरून बंद करायचं नाही.

आता मुलगी. मी इथे अनुभवानं बोलतेय. माझा मुलगा लहान असताना मी घरातली बिस्किटं पूर्ण बंद केली होती. सहा महिन्यांनी गादी उलटताना खाली कागद सापडले. मला त्या बिस्किटांचं नाही, लपवण्याचं वाईट वाटलं. तो माझ्यापासून लपवायला शिकला होता आणि ते मी त्याला शिकवलं होतं. तुमची मुलगी चौदा वर्षांची आहे. या वयात खाण्याला पापाचा वास लागला तर तो पुढे फार वर्षं पिच्छा पुरवतो. तिच्यापुढे तिच्या वजनाबद्दल एक शब्दही बोलू नका. मैत्रिणीच्या आईकडून कळलं हेही बोलू नका. पंधरा दिवसांतून एकदा रविवारी घरीच नूडल्स करा: गाजर, कोबी, मटार, अंडं भरपूर, मसाल्याची अर्धीच पुडी. सगळ्यांनी एकत्र बसून खा. आणि जर ती जेवण टाळायला लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जायला लागली, कपडे ढिले होत चाललेत असं दिसलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. ती गोष्ट नूडल्सपेक्षा फार गंभीर असते.

एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. तुमचे तीन महिने झालेच आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारून ती तपासणी पुन्हा करून घ्या. आकडा उतरला असेल तर श्रेय तुमचं आहेच. चढला असेल तरी हिंगाची डबी पुन्हा टाकू नका. ती सात दिवसांची वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा आणि यजमानांना स्वतःला वाचून दाखवायला सांगा.

गजर आज रात्री साडेपाचला लावा.